बास्केटबॉलच्या जागतिक स्पर्धेची पात्रताप्रक्रिया आणि भारतीय संघ : उपस्थितीच्या अटीचा विचार

प्रस्तावना :

एखाद्या देशाचा संघ जागतिक स्पर्धेस 'पात्र ठरला' असे आपण वृत्तपत्रात वाचतो, तेव्हा तो संघ कोणाला तरी हरवून तेथे पोहोचला असणार असे गृहीत धरतो. मराठीत 'पात्र' या शब्दालाच योग्यतेचा अर्थ चिकटलेला असल्याने हे गृहीतक अधिक पक्के होते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश हा गुणवत्तेइतकाच नियमांच्या रचनेवर अवलंबून असतो. या रचनेच्या मुळाशी एक अगदी प्राथमिक अट आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, नियमाने लागतील तितके खेळाडू घेऊन संघाने मैदानावर हजर असले पाहिजे, ही ती अट होय.

ही अट इतकी साधी आहे की एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. २०२२ साली मात्र जानेवारी व फेब्रुवारी या लागोपाठच्या महिन्यांत तिने दोन राष्ट्रीय संघांचे भवितव्य ठरवले. पहिली घटना फुटबॉलमधील असून ती आमच्या दिघ्यापासून लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात घडली. तीत भारताच्या महिला संघाने विश्वचषकाची वाट गमावली. दुसरी घटना बास्केटबॉलमधील. ती फिलिपाइन्सच्या मनिला शहरात घडली आणि तीत भारताच्या पुरुष संघाला, एकही सामना न जिंकता, पुढील फेरी मिळाली. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून बास्केटबॉलची जागतिक पात्रताप्रक्रिया समजावून सांगणे, आणि भारतीय संघ या प्रक्रियेत कोठे उभा आहे हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हरलेला संघ आणि न आलेला संघ :

पात्रताप्रक्रियेची सुरुवात बहुतेक लेखांत गटवारीपासून केली जाते. येथे ती गुणतक्त्यापासून केली आहे, कारण बास्केटबॉलच्या गुणतक्त्यात एक वैशिष्ट्य असे आहे जे फुटबॉलच्या तक्त्यात सापडत नाही.

फुटबॉलच्या साखळी सामन्यांत विजयाला तीन, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य गुण मिळतात. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. चार डावांअखेर गुणसंख्या समान राहिली तर पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ देऊन निकाल लावला जातो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांनुसार विजयी संघाला दोन गुण मिळतात आणि पराभूत संघाला एक. जो संघ सामन्यासाठी आलाच नाही, अथवा सामन्याच्या नियोजित वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंत पाच खेळाडू उभे करू शकला नाही, त्याला शून्य गुण मिळतो व प्रतिस्पर्ध्याला २०-० असा विजय बहाल केला जातो. पंचांनी सांगूनही खेळण्यास नकार देणाऱ्या संघालाही हीच शिक्षा आहे.

याच्या शेजारचा नियमही पाहण्यासारखा आहे. सामना सुरू झाल्यावर दुखापतींमुळे किंवा नियमभंगांमुळे एखाद्या संघाचे खेळाडू कमी होत गेले, तरी तो संघ खेळत राहू शकतो. चार, तीन, अगदी दोन खेळाडूंनिशीसुद्धा. मैदानावर दोनांपेक्षा कमी खेळाडू उरले तरच सामना थांबतो. प्रतिस्पर्धी त्या वेळी पुढे असेल तर तोच धावफलक कायम राहतो, नसेल तर २-० असा निकाल नोंदवला जातो. पण या पराभवातही खेळाडू संपलेल्या संघाला एक गुण मिळतो. म्हणजे मैदानावर येऊन, खेळून, माणसे संपल्यामुळे हरणे आणि मैदानावर न येणे या दोन गोष्टींत नियमकर्त्यांनी स्पष्ट भेद केला आहे. फुटबॉलच्या तक्त्यात हरलेला व न आलेला दोघेही शून्यावरच असतात.

प्रस्तुत लेखकाकडे काही वर्षे महाविद्यालयाच्या जिमखाना समितीचे काम होते. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याला आमचे चारच विद्यार्थी वेळेवर पोहोचले. पाचवा विद्यार्थी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात पहिल्या पाळीला होता व त्याला सोडणारा माणूस आला नव्हता. पंचांनी घड्याळ लावून पंधरा मिनिटे वाट पाहिली आणि नंतर नोंदवहीत २०-० लिहिले. 'सर, आपण खेळून ऐंशी गुणांनी हरलो असतो तरी चाललं असतं ना?' असे त्या चौघांपैकी एकाने परतताना विचारले होते. गुणतक्त्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हा नियम तोपर्यंत लेखकाने वाचलेला होता, पण त्याचे वजन त्या दिवशी कळले.

दोन किंवा अधिक संघांचे गुण समान झाले तर त्यांचा क्रम लावण्यासाठी त्या संघांनी एकमेकांविरुद्ध खेळलेले सामनेच प्रथम विचारात घेतात. त्यांतील गुण, मग गुणफरक, मग मिळवलेल्या गुणांची संख्या, असा तो क्रम आहे. म्हणूनच पात्रता सामन्यात हरणारा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत फरक कमी करण्यासाठी झगडताना दिसतो. क्रिकेटमधील निव्वळ धावगतीची आकडेमोड ज्यांना परिचित आहे त्यांना हे सहज समजेल.

विश्वचषकाची वाट :

२०१७ पूर्वी आशियातील संघांसाठी वाट छोटी होती. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा दर दोन वर्षांनी होत असे आणि तिच्यातील पहिल्या क्रमांकांना विश्वचषक वा ऑलिंपिकचे दार उघडे होई. २०१३ साली मनिला येथे झालेल्या स्पर्धेतून इराण, फिलिपाइन्स व दक्षिण कोरिया हे पहिले तीन संघ २०१४ च्या विश्वचषकाला गेले. एका आठवड्या-दीड आठवड्याच्या कामगिरीवर चार वर्षांचा हिशेब ठरत असे. या पद्धतीत मायदेशी सामना खेळण्याची संधी यजमानाशिवाय कोणालाच नव्हती. आपल्या देशाचा संघ आपल्या गावी खेळताना पाहिलेला नाही, अशा प्रेक्षकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यामुळे तयार झाल्या.

नोव्हेंबर २०१७ पासून फिबाने ही रचना बदलली. विश्वचषकातील संघांची संख्या चोवीसवरून बत्तीस झाली. चार विभागांतील मिळून ऐंशी संघ पात्रता फेरीत उतरले. आशिया व ओशनिया यांची एकत्र फेरी झाल्याने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे बलाढ्य संघ आशियाई संघांच्या गटांत आले. सामने एका ठिकाणी सलग न होता सुमारे सव्वा वर्षाच्या काळात, ठरवून दिलेल्या सहा छोट्या कालखंडांत होऊ लागले. या कालखंडांना 'विंडो' म्हणतात. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक सामना आपल्या मैदानावर आणि एक त्याच्या मैदानावर, ही फुटबॉलमध्ये जुनी असलेली पद्धत बास्केटबॉलने उशिरा स्वीकारली.

आशियाच्या फेरीत सोळा संघ चार-चारच्या चार गटांत विभागले जातात. पहिल्या फेरीत प्रत्येक संघ सहा सामने खेळतो आणि प्रत्येक गटातील फक्त शेवटचा संघ बाहेर पडतो. उरलेले बारा संघ सहा-सहाच्या दोन गटांत जातात. येथे एक बारकावा आहे : पहिल्या फेरीतील निकाल पुसले जात नाहीत, ते संघाबरोबर दुसऱ्या फेरीत येतात. त्यामुळे पहिल्या फेरीत कसेबसे तिसऱ्या क्रमांकावर आलेला संघ दुसऱ्या फेरीत पराभवांचे ओझे घेऊनच उभा राहतो. दुसऱ्या फेरीअखेर दोन्ही गटांतील पहिले तीन आणि चौथ्या क्रमांकावरील दोहोंपैकी सरस संघ, असे सात संघ विश्वचषकाला जातात. यजमान देशाची जागा वेगळी असते. २०१९ मध्ये चीन यजमान होता व त्याच्यासह आशिया-ओशनियाचे आठ संघ खेळले. २०२३ मध्ये फिलिपाइन्स, जपान व इंडोनेशिया हे तीन देश संयुक्त यजमान होते. परंतु त्यांपैकी इंडोनेशियाला थेट प्रवेश मिळाला नव्हता. आशिया चषकात पहिल्या आठांत येण्याची अट त्याच्यावर होती. ती पूर्ण न झाल्यामुळे जकार्तात विश्वचषकाचे सामने झाले, पण यजमान संघ त्यांत नव्हता. यजमानपद आणि पात्रता या वेगळ्या गोष्टी असल्याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

विश्वचषकातूनच ऑलिंपिकचीही वाट जाते. ऑलिंपिकमध्ये केवळ बारा संघ असतात. टोकियो व पॅरिस या दोन्ही वेळी त्यांतील सात जागा विश्वचषकातील कामगिरीवरून भरल्या गेल्या. आशियातील सर्वांत वरच्या संघाला एक जागा होती. ती २०१९ मध्ये इराणला व २०२३ मध्ये जपानला मिळाली. यजमान सोडता उरलेल्या चार जागांसाठी स्वतंत्र पात्रता स्पर्धा झाल्या.

नव्या पद्धतीवर टीकाही झाली. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतील विंडो अमेरिकेतील एनबीए व युरोपातील युरोलीग यांच्या हंगामाच्या मध्यावर येतात. त्यामुळे अनेक देशांना आपले उत्तम खेळाडू पात्रता सामन्यांत मिळत नाहीत. विश्वचषकाला घेऊन जाणारा संघ एक आणि विश्वचषक खेळणारा संघ दुसरा, असे घडते. भारताला ही अडचण जवळजवळ नाही. भारताची अडचण वेगळी आहे.

मनिला, फेब्रुवारी २०२२ :

२०१९ च्या विश्वचषकासाठीच्या फेरीत भारत लेबनॉन, जॉर्डन व सीरिया यांच्या गटात होता. भारताचे घरचे सामने बंगळूरु येथे झाले. गटात चौथा क्रमांक लागून भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

२०२३ च्या विश्वचषकासाठी भारताच्या गटात न्यूझीलंड, फिलिपाइन्स व दक्षिण कोरिया होते. कोविडच्या साथीमुळे नोव्हेंबर २०२१ मधील सामने पुढे ढकलून ते फेब्रुवारी २०२२ मध्ये मनिला येथे एकत्र घेण्याचे ठरले. प्रस्थानापूर्वी कोरियाच्या संघात संसर्ग आढळला व संघ मनिलास गेला नाही. फिबाने कोरियाला स्पर्धेतून बाद केले. गटात तीनच संघ उरले आणि तीन संघांनाच पुढे जायचे होते. गटातील उरलेले सामने अर्थातच खेळले गेले. भारत ते चारही हरला. चार पराभवांचे चार गुण त्याच्या नावावर जमले आणि तो तिसऱ्या क्रमांकाने दुसऱ्या फेरीत गेला.

दुसऱ्या फेरीत जॉर्डन, लेबनॉन, सौदी अरेबिया, न्यूझीलंड व फिलिपाइन्स यांच्याबरोबर खेळताना भारत शेवटच्या स्थानी राहिला. निकालाच्या दृष्टीने यात नवल नाही. मात्र या अपघाताने भारताला काय दिले, हे पाहणे आवश्यक आहे. कोरिया आला असता तर भारताची मोहीम पहिल्या फेरीबरोबर संपण्याची शक्यता मोठी होती. तो न आल्यामुळे भारतीय खेळाडूंना आशियातील वरच्या संघांविरुद्ध आणखी सहा सामने मिळाले. ज्या देशात राष्ट्रीय स्पर्धा सोडल्यास अव्वल दर्जाची स्थिर व्यावसायिक लीग दीर्घकाळ नव्हती, तेथे असे सहा सामने ही मोठी गोष्ट आहे.

कोरियाच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. २०१९ च्या विश्वचषकात खेळलेला हा संघ २०२३ च्या शर्यतीतून एकही चेंडू न टाकता बाहेर पडला. कोरियाच्या खेळाडूंनी काही चूक केली होती असे म्हणता येणार नाही. नियम कठोर होता, आणि तो तसा असण्यामागे कारणही होते : तीन देशांचे संघ मनिलात येऊन थांबले होते.

नेरूळ, जानेवारी २०२२ :

मनिलातील या निर्णयाच्या साधारण एक महिना आधी हाच प्रश्न नवी मुंबईत उभा राहिला होता. फुटबॉलच्या महिला आशिया चषकाचे यजमानपद भारताकडे होते. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडासंकुल, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरीना आणि पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल येथे सामने झाले. बारा संघांची ही स्पर्धा २०२३ च्या महिला विश्वचषकाची आशियाई पात्रता स्पर्धाही होती.

यजमान म्हणून भारत चीन, चायनीज तैपेई व इराण यांच्या गटात होता. पहिल्या दिवशी नेरूळ येथे इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ जानेवारीला त्याच मैदानावर चायनीज तैपेईशी सामना होता. भारतीय संघात कोविडचा संसर्ग पसरला होता आणि नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडूंची नावे देणे संघाला शक्य झाले नाही. स्पर्धेच्या विशेष नियमांप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले. भारताचे सर्व निकाल रद्द झाले. त्यात इराणबरोबरची बरोबरीही गेली. पहिल्यांदाच आशिया चषक खेळणाऱ्या इराणला त्या स्पर्धेत मिळालेला एकमेव गुण भारताच्या अनुपस्थितीने पुसला गेला, याची आपल्याकडे फारशी नोंद घेतली गेली नाही.

आम्ही नवी मुंबईकरांनी हे सर्व दूरचित्रवाणीवरच पाहिले, कारण मैदान प्रेक्षकांना बंद होते. त्या काळी दिघ्याला रेल्वे स्थानकही नव्हते. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत ऐरोली किंवा ठाणे गाठून नेरूळची गाडी धरावी लागे. घराजवळ विश्वचषकाचे दार उघडले होते आणि ते आपल्याच संघासाठी तीन दिवसांत बंद झाले, ही खंत येथील क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यात पुढे बरेच दिवस येत राहिली.

ते दार इतरांसाठी मात्र उघडेच होते. बालेवाडीत फिलिपाइन्सने चायनीज तैपेईला उपांत्यपूर्व सामन्यात पेनल्टी किकवर हरवून पहिल्यांदाच विश्वचषक गाठला. नेरूळला व्हिएतनामने प्लेऑफमध्ये थायलंड व चायनीज तैपेई यांना हरवून तेच केले. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात दोन गोलांची पिछाडी भरून काढत चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे नमवले. भारताच्या महिला फुटबॉल संघाने पुढे जुलै २०२५ मध्ये चियांग माई येथे थायलंडचा २-१ असा पराभव करून २०२६ च्या आशिया चषकात पात्रता फेरीतून प्रवेश मिळवला. त्या वेळी यजमानपदाचा आधार नव्हता.

बास्केटबॉल व फुटबॉल या दोन महासंघांच्या नियमांत तपशिलाचा फरक असला तरी दोन्ही निर्णयांची दिशा एकच होती. साथीच्या काळात 'संघ' म्हणजे कौशल्य नव्हे तर मोजता येणारी डोकी, असा अर्थ शिल्लक राहिला. भारताच्या बाबतीत या दोन निर्णयांची बेरीज-वजाबाकी जवळजवळ सारखी झाली : एका मैदानावर गेले, दुसऱ्यावर आले. परंतु ज्या खेळाडूंचे गेले आणि ज्यांचे आले ते वेगळे होते, आणि गमावलेली संधी कितीतरी मोठी होती. त्यामुळे हिशेब जुळला असे म्हणणे लेखकाला पटत नाही.

अनुपस्थितीचा जुना इतिहास :

इतरांच्या अनुपस्थितीमुळे भारतीय बास्केटबॉलला प्रवेश मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेच्या पुढाकाराने बहिष्कार घातला गेला. चीन, जपान, दक्षिण कोरिया व फिलिपाइन्स हे आशियातील चारही प्रमुख संघ त्यात होते. जागा खाली येत येत भारताकडे आली. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये भारताची ऑलिंपिकमधील ती एकमेव उपस्थिती होय. भारत सातही सामने हरला व बारा संघांत बारावा आला.

या घटनेकडे केवळ उपहासाने पाहणे योग्य नाही. भारताचा संघ त्यापूर्वीच्या काळात अगदीच दुर्बळ नव्हता. १९७५ साली बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला होता आणि तीच आजवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी आहे. मुंबईतील नागपाड्याच्या गल्ल्यांतून आलेले अब्बास मुंतसिर यांनी भारताचे नेतृत्व केले व १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. कापडगिरण्या आणि गोदीच्या त्या परिसरात बास्केटबॉल हा उच्चभ्रूंचा नव्हे, मोहल्ल्याचा खेळ होता. मॉस्कोचा प्रवेश नशिबाने मिळाला असला, तरी त्या रांगेत उभे राहण्याइतके अंतर भारताने स्वतः चाललेले होते. रांगेतच नसलेल्या देशाला कोणाच्या गैरहजेरीचा लाभ होत नाही.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २०२२ च्या महिला बास्केटबॉल विश्वचषकासाठी नायजेरियाच्या खेळाडूंनी मैदानावर जागा जिंकली होती. परंतु त्यांच्याच सरकारने देशातील बास्केटबॉल संघटनेतील वादांमुळे संघ मागे घेतला आणि ती जागा मालीला मिळाली. त्याच स्पर्धेत रशियाच्या जागी प्वेर्तो रिको खेळला. पात्रता मिळवणारे खेळाडू असतात आणि ती घालवणारे कधीकधी कार्यालयात बसलेले असतात.

स्वतः मिळवलेली जागा :

महिलांच्या आशिया चषकाची रचना निराळी आहे. तेथे आठ संघांची 'अ' श्रेणी व तिच्याखाली 'ब' श्रेणी असते. 'ब' श्रेणीतील विजेता वर जातो, 'अ' श्रेणीतील शेवटचा खाली येतो. विश्वचषकाची वाट फक्त 'अ' श्रेणीतून जाते. जुलै २०१७ मध्ये बंगळूरु येथे 'ब' श्रेणीच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. पुण्याची शिरीन लिमये या संघात होती. दोन गुणांच्या त्या फरकाने भारत जपान, चीन, ऑस्ट्रेलिया यांच्या श्रेणीत गेला. २०१९ ला बंगळूरु व २०२१ ला जॉर्डनमधील अम्मान येथे भारत 'अ' श्रेणीत खेळला. दोन्ही वेळा आठवा क्रमांक आला, आणि २०२१ नंतर संघ पुन्हा खालच्या श्रेणीत उतरला.

वर जाणे आणि वर टिकणे यांतील अंतर या चार वर्षांत स्पष्ट दिसले. 'ब' श्रेणीत जिंकायला लागणारी तयारी काही आठवड्यांच्या शिबिरातून होऊ शकते. 'अ' श्रेणीत टिकायला वर्षभर चालणारी लीग, वयोगटांचे संघ आणि उंच खेळाडूंचा शोध लागतो. आपल्याकडे शिबिर हाच कणा राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते श्रेणीपद्धती लहान संघांवर अन्याय करते ही तक्रार फारशी टिकत नाही. बलाढ्य संघांकडून साठ-सत्तर गुणांनी हरण्यापेक्षा समबल संघांशी दोन गुणांनी जिंकलेला सामना खेळाडूंना अधिक शिकवतो. अडचण एवढीच की त्या एका सामन्यानंतर पुढच्या सामन्यासाठी दोन वर्षे थांबावे लागते.

पुरुष संघाने २०२५ च्या आशिया चषकाचा प्रवेश मैदानावरच मिळवला, आणि तो तपशील जाणण्यासारखा आहे. या स्पर्धेच्या पात्रता फेरीत चोवीस संघ सहा गटांत होते. प्रत्येक गटातील पहिले दोन थेट पुढे गेले. तिसऱ्या क्रमांकावरील सहा संघांना आणखी एक संधी होती : तीन-तीनच्या दोन गटांतून प्रत्येकी दोन संघ. इराण, कतार व कझाकस्तान यांच्या गटात भारत तिसरा आला आणि मार्च २०२५ मध्ये बहरीन व इराक यांच्या गटातून त्याने जागा पक्की केली. ऑगस्टमध्ये जेद्दा येथे चीन, जॉर्डन व सौदी अरेबिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारत हरला. जॉर्डनविरुद्धचा सामना जादा वेळेपर्यंत गेला होता. तो ८४-९१ असा सुटला. चीनकडून भारत ६९-१०० असा हरला, ज्या चीनला भारताने २०१४ मध्ये वुहान येथे ६५-५८ असे हरवले होते.

वृत्तपत्रांत जेद्दाची बातमी 'भारताचे आव्हान संपुष्टात' या मथळ्याने संपली. पात्रतेच्या दृष्टीने ती तेथे संपत नव्हती. आशिया चषकात खेळलेले सोळाही संघ कतारमध्ये होणाऱ्या २०२७ च्या विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेरीत दाखल झाले. ही फेरी नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. तिची रचना वर सांगितली तीच आहे : चार गट, प्रत्येकी चार संघ, पहिल्या फेरीनंतर प्रत्येक गटातून एकच संघ बाहेर. म्हणजे मार्चमधील त्या छोट्या, फारशा कोणी न पाहिलेल्या सामन्यांतून भारताने आशिया चषकाबरोबर विश्वचषक फेरीचे सहा सामनेही मिळवले, आणि त्यांपैकी तीन मायदेशी.

या फेरीत पुढे जाण्यासाठी गटात तिसरा क्रमांक पुरेसा असतो. २०२२ मध्ये तो भारताला चार पराभवांच्या चार गुणांवर मिळाला, कारण चौथा संघ विमानात बसलाच नाही. चारही संघ हजर असताना तोच क्रमांक मिळवायचा तर गटातील निदान एका संघाला मागे टाकावे लागते. गुण समान झाले तर परस्परांतील दोन सामन्यांचा गुणफरक पाहिला जातो, आणि त्यांपैकी एक सामना भारतातील प्रेक्षकांसमोर असतो.